सहा वर्षांचा ब्रुनो आणि त्याचं दुसरं घर : एका प्रकरणाची पूर्ण नोंद

पाळलेलं कुत्रं सांभाळणं अशक्य झालं की लोक मला फोन करतात आणि पहिलं वाक्य बहुधा एकच असतं : "कुणी घेणारं आहे का?" पुण्यात स्वयंसेवक म्हणून हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. घेणारे पुष्कळ मिळतात. कुत्रं जसं आहे तसं, त्याच्या खोडींसकट माहीत असूनही जे त्याला ठेवून घेईल, असं घर शोधावं लागतं. त्यासाठी देणाऱ्यानं आधी सगळं खरं सांगावं लागतं, आणि नेमकं तेच सर्वांत जड जातं. पुढचं प्रकरण त्याचंच आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुत्र्याचं नावही बदललेलं आहे.

घर आणि अडचण

कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. काकू ६८ वर्षांच्या. काका जाऊन दीड वर्ष झालेलं. एकुलता मुलगा जर्मनीत. ब्रुनो सहा वर्षांचा नर लॅब्रेडॉर, वजन ४१ किलो. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायचं काम काकांचं होतं, ते गेल्यावर काकूंवर आलं. जुलैच्या पावसात, सोसायटीच्या ओल्या फरशीवर, समोर मांजर दिसलं म्हणून ब्रुनोनं पट्ट्याला हिसका दिला. काकू पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असेपर्यंत ब्रुनोला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं.

मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून आला. "ताई, मी परत जायच्या आत याचं काहीतरी करायला हवं," हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. त्याची घाई मला समजत होती. एका हातात आईच्या फिजिओथेरपीचं वेळापत्रक, दुसऱ्या हातात परतीचं तिकीट. पण तीन आठवड्यांत कुत्रं घराबाहेर काढता येतं, चांगल्या घरात पोचवता येतंच असं नाही. हे त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं.

आधी, तो राहू शकेल का?

कुठल्याही प्रकरणात मी इथूनच सुरुवात करते, कारण अर्ध्याअधिक कुटुंबांना खरं म्हणजे कुत्रं द्यायचं नसतं, त्यांना मदत हवी असते. इथे आम्ही दोन वाटा नीट तपासल्या.

पहिली वाट माणूस ठेवण्याची. तळमजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा महिना ५,००० रुपयांवर दोन वेळा फिरवायला तयार झाला आणि पुढचे चार महिने त्यानं ते अतिशय मनापासून केलं. पण फिरवणं ही अडचणीची एकच बाजू होती. बेल वाजली की ब्रुनो दाराकडे झेपावायचा, आणि वॉकर धरून चालणाऱ्या काकू नेमक्या त्याच अरुंद पॅसेजमध्ये असायच्या. दोनदा वॉकरला धक्का लागला. मधे लाकडी फाटक बसवलं, तर तो दिवसभर फाटकाला नाक लावून रडायचा. या वयात दुसऱ्यांदा पडणं परवडणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दुसरी वाट जर्मनीची. मुलगा म्हणाला, मीच नेतो. भारतातून युरोपीय संघात कुत्रं न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी. तीत प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त भरायला हवं. शिवाय रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. चार महिने काढता आले असते. पण त्याच्या घरमालकानं नकार दिला, शिवाय नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर. तो विषय तिथेच संपला.

मग काकूंना विचारलं. मुलाला वाटत होतं, आईला त्रास नको, निर्णय आपण घेऊ. मी आग्रहानं काकूंशी एकटीनं बोलले, कारण कुत्रं पाळायच्या महापालिकेच्या परवान्यावर नाव त्यांचं होतं आणि सहा वर्षं त्याला वाढवलं होतं त्यांनी. काकू बराच वेळ काकांबद्दलच बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "देऊ या. पण मला कळलं पाहिजे कुठे गेला ते." हे वाक्य आम्ही पुढे करारातही घातलं.

जे मार्ग सोडून दिले

सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं, टेकडीपलीकडे सोडून द्या, तिथे लोक खायला घालतात. सहा वर्षं वाटीत जेवलेल्या कुत्र्याला अन्न शोधता येत नाही. रस्त्यावरची कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत आणि वाहनांची त्याला सवय नसते. शिवाय हा गुन्हा आहे. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये येतं. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यानं जेमतेम १० ते ५० रुपये दंड लिहिला, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. दंड किरकोळ असला म्हणून कुत्र्याचे हाल किरकोळ होत नाहीत.

महापालिकेकडे देता येईल का, असंही विचारलं गेलं. पालिकेची केंद्रं भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी असतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार तिथलं कुत्रं शस्त्रक्रिया आणि लसीकरणानंतर जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकाचीच राहते. स्वयंसेवी संस्थांच्या निवाऱ्यांत अपघातातली, आजारी जनावरं आधीच मावत नाहीत. माणसांत वाढलेला ब्रुनो तिथे पिंजऱ्यात खचला असता.

आणि मग फार्महाऊस. पुण्यात प्रत्येक लॅब्रेडॉरला आणि जर्मन शेफर्डला एकदा तरी हे आमंत्रण येतं : "आमच्याकडे देऊन टाका, मोकळा फिरेल." मुलाच्या एका मित्राची जुन्नरकडे जमीन होती. मी दोनच प्रश्न विचारले. सोमवार ते शुक्रवार तिथे कोण असतं? रात्री कुत्रं कुठे झोपतं? उत्तर आलं : गडी असतो, आणि कुत्रं गेटपाशी बांधतो. जुन्नरच्या उसात बिबट्यांचा वावर आहे आणि अंगणात बांधलेलं कुत्रं हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. शिवाय ब्रुनो ज्याच्यासाठी जगतो तो माणसांचा सहवास तिथे आठवड्यातून एक-दोन दिवस. मोकळी जागा बघून भुलणाऱ्या मालकांना मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, की लॅब्रेडॉरला एकरांपेक्षा माणसं लागतात.

तयारी : रक्त, नसबंदी, आणि एक लपवलेली गोष्ट

ब्रुनोची नसबंदी झालेली नव्हती. ती केल्याशिवाय जाहिरात करायची नाही, ही माझी अट असते. नसबंदी न झालेला जातिवंत नर फुकट मिळतोय म्हटलं की पिल्लं विकणारे पुढे येतात. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी २०१७ पासून नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पण फोनवर प्रेमळ कुटुंब बनून येणाऱ्याला कोण पकडणार? केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे जातिवंत असल्याचे) कागद आहेत का आणि "ऑपरेशन झालेलं नाही ना", हे दोन प्रश्न कुत्र्याच्या नावाच्याही आधी आले, तर मी फोन ठेवते.

भुलीआधीच्या रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघाल्या. बोर्डिंगमधून गोचीड घेऊन आला असावा. एर्लिकिया हा गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस. मुलाची रजा संपली आणि तो नाइलाजानं परत गेला. मला या उशिराचं वाईट वाटलं नाही, कारण त्या महिन्यात ब्रुनोचा स्वभाव नीट पाहता आला. सप्टेंबरअखेर नसबंदी झाली.

याच काळात घरकाम करणाऱ्या मावशींशी बोलताना एक गोष्ट कळली. गेल्या वर्षी फरशी पुसताना त्यांनी ब्रुनोची जेवणाची वाटी सरकवली होती आणि तो त्यांच्या हातावर गुरगुरून तुटून पडला होता. दात लागला, ओरखडा उठला, मावशींनी लस घेतली. काकूंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, हे सांगितलं तर कोण घेईल त्याला?"

या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच. हे लपवून ब्रुनो लहान मूल असलेल्या घरात गेला असता, मुलाच्या हातातली पोळी त्यानं ओढली असती, आणि पुढे जे झालं असतं त्यात मूलही जखमी आणि ब्रुनोही रस्त्यावर. चावलेल्या कुत्र्याला तिसरं घर मिळत नाही. सांगितलं तर घेणारे कमी होतील हे खरंच आहे. जे गळतील ते गळायलाच हवे होते. मी मुलाला सांगितलं, की हे जाहिरातीत येणार नसेल तर मी यातून बाजूला होते. एक दिवस त्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला : "लिहा."

एका प्रशिक्षकाला बोलावून खात्री करून घेतली. इतर वेळी हात लावा, कान उघडा, पंजे पुसा, ब्रुनो ढिम्म हलत नसे. फक्त वाटी आणि हाड. प्रशिक्षकानं सांभाळायची रीत लिहून दिली : जेवताना जवळ जायचं नाही, वाटी तो दुसऱ्या खोलीत गेल्यावर उचलायची, तोंडातली वस्तू ओढायची नाही, तिच्या बदल्यात जास्त आवडीचं काही लांब टाकायचं, आणि हाड द्यायचंच नाही. डॉक्टरांनी वजनाकडे लक्ष वेधलं. नर लॅब्रेडॉर ३० ते ३६ किलोंत असावा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पीओएमसी जनुकाचा एक भाग गळालेला असतो आणि त्यांची अन्नाची ओढ जास्त असते. ब्रुनोची तशी तपासणी केली नाही. पण ही जात मुळात खादाड असते, हे नव्या घराला ठाऊक असावं म्हणून तेही टिपणात घातलं.

जाहिरात

मुलानं लिहिलेला मसुदा "अतिशय प्रेमळ, खेळकर लॅब, चांगल्या घरी मोफत देणे" असा होता. तो बाजूला ठेवून आम्ही हे लिहिलं :

"ब्रुनो, लॅब्रेडॉर नर, ६ वर्षं, ४१ किलो. नसबंदी आणि लसीकरण पूर्ण. गोचीड-तापावर उपचार झाले, रक्त आता ठीक. काकू आजारी असल्याने द्यायचा आहे. माणसांवर जीव. घरात घाण करत नाही. रस्त्यावर जोरात ओढतो, मांजर दिसलं तर फारच. जेवताना वाटीला हात लावलेला चालत नाही. एकदा यावरून हाताला दात लागला आहे. दहा वर्षांखालील मुलं असलेल्या घरी देणार नाही. फटाक्यांना घाबरतो. बांधून ठेवणाऱ्यांनी, राखणीला हवा असणाऱ्यांनी कृपया फोन करू नये. घरी भेट, काही दिवसांची चाचणी आणि लेखी करार होईल."

मुलाच्या मसुद्याला एका संध्याकाळी डझनांनी फोन आले असते. याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, आणि त्यातले जवळजवळ सगळे नीट बोलण्यासारखे होते. मी प्रत्येकाला विचारते : घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का? घरातलं कोण नाराज आहे? स्वयंपाकाच्या बाई कुत्र्याला घाबरतात का? आजीचं सोवळं असेल तर कुत्र्यानं कुठे यायचं नाही? मे महिन्यात गावाला जाता तेव्हा काय कराल? आणि माझा सर्वांत भरवशाचा प्रश्न : आधीचं कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? "म्हातारं होऊन गेलं, अमुक डॉक्टरांकडे नेत होतो" हे उत्तर पडताळून पाहता येतं. "कुणाला तरी दिलं" म्हटल्यावर पुढचे प्रश्न वाढतात.

पहिली चाचणी

वाकडमधलं आयटीतलं तरुण जोडपं. घर पाहिलं, मालकाचं पत्र पाहिलं, बाल्कनीला जाळी होती. माणसं फार चांगली. दोघं आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन आठवड्यांच्या चाचणीसाठी ब्रुनो तिथे गेला.

घरात कुणी असलं की सगळं उत्तम. दोघंही ऑफिसला गेले त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत भुंकत, विव्हळत राहिला आणि दाराची चौकट कुरतडली. शेजाऱ्यांची तक्रार आली. असं का, याचा उलगडा काकूंशी बोलल्यावर झाला : काका निवृत्त, काकू घरी, सहा वर्षांत ब्रुनो एकटा असा कधी राहिलाच नव्हता. त्या मुलीनं रडत फोन केला. तिला मी मनापासून सांगितलं, की तुम्ही वेळेवर कळवलंत हे त्याच्यावर उपकार आहेत. चाचणी असते ती यासाठीच. कोथरूडच्या घरात जे कधीच दिसलं नसतं ते तिथे दिसलं. ब्रुनो परत आला आणि जाहिरातीत एक ओळ वाढली : "घरात दिवसभर कुणीतरी हवं."

मुलाचा धीर सुटत चालला होता. लगेच दुसरं घर बघा, म्हणाला. मी दिवाळी होऊन जाईपर्यंत थांबायला सांगितलं. नव्या घरी आलेल्या कुत्र्याला घराचा पत्ता कळलेला नसतो; फटाक्यांच्या आवाजानं ते दारातून सुटलं की कुठे परतायचं हेही त्याला माहीत नसतं. दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो दरवर्षी फिरतात, त्यात नुकतीच दत्तक गेलेली कितीतरी असतात. ब्रुनोनं ती दिवाळी काकूंच्या पलंगाखाली काढली.

साताऱ्याचं घर

नोव्हेंबरात साताऱ्याहून फोन आला. एसटीतून निवृत्त झालेले काका, घरीच शिवणकाम करणाऱ्या काकी. बैठं घर, कंपाउंडला पुरेशी उंच भिंत. मुलगी लग्न होऊन कराडला. त्यांचं आधीचं कुत्रं तेरा वर्षांचं होऊन गेलं होतं. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. शेवटच्या दोन वर्षांत त्याला उचलून दवाखान्यात आणायचे, असं ते म्हणाले. वाटीचा विषय मी पुन्हा काढला तर काका म्हणाले, "ताई, आमचा म्हातारा पण तसाच होता. जेवताना आपल्याला तरी कुणी हलवलेलं चालतं का?"

होकार द्यायच्या आधी ते दोघं दोनदा पुण्याला आले. पहिल्यांदा नुसते बसले, दुसऱ्यांदा ब्रुनोला फिरवून आणलं. छातीवर कडी असलेला हार्नेस घातला होता. त्यात ओढ कमी लागते, कारण पुढे झेपावलं की कुत्रं आपोआप बाजूला वळतं. काकांना तो आवरला. त्यांच्या डॉक्टरांकडून त्यांच्याच खर्चानं तपासणी करून घ्या, असं मी सांगितलं. ब्रुनोसाठी पैसे घ्यायचे नव्हते, पण पहिला खर्च कुरकुर न करता करणारं घर पुढचेही करतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे गाडीनं नेलं. निघताना जेवण दिलं नाही, खंबाटकीच्या वळणांवर उलटी होऊ नये म्हणून. सोबत त्याची गादी, मुद्दाम न धुतलेली. पंधरा दिवसांचं त्याचंच खाणं, म्हणजे नवं खाणं हळूहळू मिसळता येईल. लसीकरणाचं कार्ड, रक्ताचे अहवाल, प्रशिक्षकाचं टिपण. आणि काकूंनी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद : 'भूर' म्हटलं की दाराशी जातो, 'बास' म्हटलं की थांबतो, 'नाही' रागावून म्हटलं तर उपयोग नाही, हळू म्हणावं. इंग्रजी हुकूम त्याला कधीच शिकवले नव्हते. हा कागद नसता तर तो ऐकत नाही असा समज पहिल्याच आठवड्यात झाला असता.

करार दोन पानांचा. राखणीला बांधायचं नाही, परस्पर दुसऱ्याला द्यायचं नाही, सांभाळणं जमलं नाही तर कारण काहीही असो माझ्याकडे परत द्यायचं आणि त्यावरून कुणी बोल लावणार नाही. पहिले तीन महिने ठरल्या दिवशी फोन. काकूंना ब्रुनो कुठे आहे ते कळत राहील, ही अटही त्यात. असा कागद न्यायालयात किती टिकेल, हा भाग वेगळा. दोन्ही घरांनी समोरासमोर बसून वाचला, एवढ्यानंच बऱ्याच गोष्टी बोलून झाल्या. महापालिकेला कुत्रं हस्तांतरित झाल्याचं कळवून पुण्याचा परवाना बंद केला.

पुढे

पहिले तीन दिवस तो नीट जेवला नाही आणि दाराकडे तोंड करून पडून राहिला. हे होणार, असं आधीच सांगून ठेवलं होतं. तीन दिवस बुजरेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला, असा ढोबळ ठोकताळा आमच्या कामात सगळे वापरतात. तिसऱ्या आठवड्यात त्यानं काकींचा कापडाचा गठ्ठा पळवला. काकींनी तो ओढला नाही, लांब बिस्किट टाकलं. कागदावरचं टिपण त्यांनी खरोखर वाचलं होतं.

काकूंनी लगेच भेटायला जावं का, यावर मुलाचं आणि माझं दुमत होतं. तो म्हणत होता, आईला बरं वाटेल. मला वाटत होतं, ब्रुनो दाराकडे बघणं थांबवेपर्यंत फोनवरच पाहावं. काकूंनी स्वतः तीन महिने थांबायचं ठरवलं. मार्चमध्ये त्या काठी टेकत साताऱ्याला गेल्या. ब्रुनो त्यांना चिकटून बसला, आणि त्या निघाल्या तेव्हा गाडीमागे न धावता काकांबरोबर आत गेला. काकू गाडीत रडल्या. परतताना मला म्हणाल्या, की त्यानं धावावं असं वाटत होतं आणि धावला नाही हे बरं झालं.

आता त्याचं वजन ३६ किलोंवर आलं आहे. मांजर दिसलं की अजून ओढतो, वाटीची सवय तशीच आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या काकांनीच करारात एक ओळ वाढवायला सांगितली. ते आता साठीत आहेत आणि ब्रुनोची अजून पाच-सहा वर्षं धरायला हरकत नाही. त्या दोघांपैकी कुणी आजारी पडलं, तर पहिला फोन मला करायचा आणि तोवर ब्रुनोला कराडची मुलगी सांभाळेल. तिनं तसं लिहून सही केली आहे. त्याआधी वडिलांनी तिला वाटीची गोष्ट सांगितली होती.